हात पोचेल एवढी मशीन

व्हिडिओ गेम दुरुस्तीला आला की आधी ॲडॉप्टर बघायचा. नव्वदच्या दशकात पुलगावात जे टीव्ही गेम आले, त्यांतल्या बहुतेकांचा दोष तिथंच सापडायचा: वायर मुडपून तुटलेली, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळालेला. तो ठीक निघाला तर मशीनच्या आतला ७८०५ नंबरचा रेग्युलेटर. नऊ व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा हा तीन पायांचा पार्ट उन्हाळ्यात फार तापायचा, आणि आमच्या वर्धा जिल्ह्याच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्यानंतर कॅसेटचे पट्टे खोडरबरानं घासून स्पिरिटनं पुसायचे, बटणांखालची काळी रबरं पाहायची, सुटलेले टाके पुन्हा मारायचे. एवढ्यात दहांतले नऊ गेम चालू व्हायचे. उरलेल्या एकाचा दोष बोर्डाच्या मधोमध बसलेल्या काळ्या डांबरासारख्या थेंबात असायचा. त्या थेंबाखाली अख्खी मशीन होती. तिथं माझं सोल्डरिंग पोचत नव्हतं.

त्या थेंबात काय आहे याची ओढ मला लागली आणि ती अजून गेलेली नाही. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत मी या धंद्यात आलो, टीव्हीवर हात बसला, आणि मग इथल्या लष्करी डेपोतल्या जवानांची आणि कामगारांची मुलं दुकानात हे गेम घेऊन यायला लागली. वडिलांची बदली कुठूनतरी इकडे झालेली, सामानाबरोबर गेमही आलेला. कापूस विकून झाला की खेड्यांतूनही यायचे. सगळेच्या सगळे डबे एकाच मशीनची नक्कल होते. जपानमध्ये निन्टेन्डोनं १५ जुलै १९८३ला बाजारात आणलेल्या फॅमिकॉमची. वरचं प्लास्टिक, नाव, रंग निरनिराळे, आत तोच ६५०२ घराण्यातला प्रोसेसर आणि प्रोग्रामच्या कामासाठी दोन किलोबाइट मेमरी.

दुरुस्त केलेला गेम चालतो का हे खेळूनच कळतं. त्यामुळे मी भरपूर खेळलो, आणि मनापासून खेळलो. मारिओचा उडी मारल्यावर हवेत थोडा वळू शकणारा देह, कॉन्ट्रातलं ते सतत पुढे ढकलणारं संगीत, बॅटल सिटीत दोघांनी मिळून आपला गरुड राखणं हे आजही मला कुठल्याही मोठ्या गेमपेक्षा कमी वाटत नाही. पण मेकॅनिकचा डोळा खेळतानाही आतच बघतो. सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम चाळीस किलोबाइटचा आहे: बत्तीस प्रोग्रामचे, आठ चित्रांचे. आज मोबाइलवर आलेला सकाळच्या शुभेच्छांचा एखादा फोटोही त्याहून जड असतो. एवढ्यात सगळं बसवायचं म्हणून बनवणाऱ्यांनी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्रातून काढलं. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा. मी हे दुकानातल्या पोरांना दाखवलं तेव्हा त्यांनी आळीपाळीनं पडद्याला नाक लावून खात्री करून घेतली. आपण रोज बघत होतो आणि दिसलं नव्हतं, याचा त्यांना केवढा आनंद झाला!

कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. आत मोजके गेम असत आणि यादी मात्र संपतच नसे. चाळीस नंबरवर पुन्हा मारिओच लागायचा, फक्त तो तिसऱ्या जगातून सुरू व्हायचा. पोरांना ती फसवणूक वाटे. मला मात्र त्यात पहिला धडा दिसला. गेम तोच, सुरुवातीला मेमरीतल्या एका खणात टाकलेला आकडा वेगळा. म्हणजे त्या काळ्या थेंबात शिरायला वाट आहे, आणि ती वाट आकड्यांची आहे.

बंदुकीचं कोडंही तसंच. डक हंट खेळताना बदकावर गोळी झाडली की पडद्यावर बदक पडतं, म्हणजे बंदुकीतून काहीतरी टीव्हीकडे जात असणार, असं सगळ्यांनाच वाटायचं. प्रत्यक्षात उलट आहे. घोडा दाबला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा पार्ट बसवलेला असतो. त्याला त्या ठरावीक क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र ओळीओळीनं, ठरलेल्या वेळेला उमटतं, म्हणून हे जमतं. आजच्या चपट्या टीव्हीत चित्र उशिरा पोचतं आणि उजेडाचा तो थरकापही नसतो, म्हणून ती बंदूक तिथं आंधळी होते. जुना टीव्ही भंगारात घालणाऱ्यांना मी अजूनही सांगतो, एक तरी ठेवा.

ही वाट आकड्यांची आहे हे मला आधीपासून थोडं ठाऊक होतं, ते एका प्राध्यापकांमुळे. गेम येण्याच्या काही वर्षं आधी ते एक काळा कीबोर्ड आणि टेपरेकॉर्डर घेऊन आले होते. डीबी स्पेक्ट्रम प्लस. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीनं १९८२ साली काढलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमच्या पुढच्या आवृत्तीचं हे भारतीय रूप. डेसिबेल्स या कंपनीनं १९८६मध्ये परवाना घेऊन ते इथं आणलं होतं. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळत होते, पण आमच्याकडे घरी येऊन बसलेला कॉम्प्युटर मी तो पहिलाच पाहिला. सरांची तक्रार होती, कॅसेटवरून प्रोग्राम लोड होत नाही.

स्पेक्ट्रमचा प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेला असतो. लोड करताना पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे सरकतात, मग माहिती यायला लागली की निळे-पिवळे बारीक पट्टे धावतात, आणि त्याबरोबर कर्कश किंचाळी. अठ्ठेचाळीस किलोबाइटचा गेम यायला चार-पाच मिनिटं लागतात. कॉम्प्युटरमधलं मला काहीच कळत नव्हतं, पण तो आवाज ऐकताच दोष कळला. आवाज बसलेला होता, वरची धार गेली होती. टेपचं हेड किंचित तिरकं झालं होतं. हेडजवळचा बारीक स्क्रू कानाला धार परत ऐकू येईपर्यंत फिरवला, आणि पट्टे न अडखळता धावले. सर एवढे खूश झाले की त्यांनी मला बसवून घेतलं आणि मशीन दाखवली.

मला तेव्हा जे भावलं ते असं. मशीन चालू केली की खाली कंपनीच्या नावाची एक ओळ येते, बटण दाबलं की तीही जाते. रिकामा पडदा, खाली एक अक्षर लुकलुकतं, आणि ती तुमच्या शब्दाची वाट बघते. ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द उमटतो. मोजक्या बटणांत पडद्यावर आपलं नाव. आणि तीच मशीन, त्याच पडद्यावरून, मॅनिक मायनरसारखा गेमही चालवते. खेळायची मशीन एक आणि बनवायची दुसरी असा प्रकारच नाही. सरांकडे एका मासिकातून उतरवलेली चिठ्ठी होती: गेम सुरू व्हायच्या आधी ‘पोक ३५१३६, ०’ असं लिहायचं, मग मॅनिक मायनरमधले जीव संपत नाहीत. ३५१३६ नंबरच्या खणातला आकडा काढून तिथं शून्य ठेवायचं, एवढंच. जीव कमी करणारी सूचना त्या खणात होती. मी आयुष्यभर बोर्डावरचा नेमका एक पार्ट शोधून बदलत आलो. इथं कुणीतरी प्रोग्राममधला नेमका एक पार्ट शोधून बदलला होता. सर पुढे बदली होऊन गेले. जाताना बेसिकचं एक पुस्तक मला देऊन गेले.

त्या पुस्तकाचं काम पडलं ते कीबोर्डवाले गेम आल्यावर. दिसायला कॉम्प्युटर, किंमत गेमची, आत तोच काळा थेंब. डब्यावर मुलांच्या अभ्यासाचं काय काय लिहिलेलं, म्हणून आयांनी पैसे साठवून घेतलेले. सोबतच्या कॅसेटमध्ये टायपिंगचे खेळ आणि ‘जी बेसिक’ किंवा ‘एफ बेसिक’ नावाचा एक पर्याय असायचा. पोरं तो निवडायची, रिकामा पडदा बघायची आणि परत मारिओकडे जायची. कारण तिथं काय करायचं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. मी दुकानाच्या काउंटरवर एक असा कीबोर्ड कायमचा जोडून ठेवला. रविवारी दुकान बंद असलं तरी शटर अर्धं वर.

या बेसिकचा मूळ अवतार निन्टेन्डोनं १९८४मध्ये हडसन आणि शार्प या कंपन्यांबरोबर जपानी मुलांसाठी काढला होता. मूळ आवृत्तीत तुमच्या प्रोग्रामसाठी १९८२ बाइट जागा मिळायची. वहीची दोन-तीन पानं भरतील एवढाच प्रोग्राम. आमच्याकडच्या नकलांना तर टेपवर साठवायची सोयही नसे. वीज गेली की लिहिलेलं सगळं गेलं. आणि ती वर्षं भारनियमनाची होती. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. म्हणून आम्ही नियम केला: आधी वहीत, मग मशीनवर. वीज नसताना पोरं वही घेऊन पायरीवर बसायची आणि प्रोग्राम डोक्यात चालवायची. एक जण मशीन व्हायचा, दुसरा ओळ वाचायचा, तिसरा पाटीवर आकडे बदलायचा. मी ठामपणे म्हणेन की त्या पायरीवर झालं ते शिक्षण पडद्यापुढे झालेल्यापेक्षा पक्कं होतं. वीज आली की फक्त ताडून बघायचं.

ओळींना नंबर दहाच्या पटीत द्यायचे हेही त्यांना चटकन पटलं. १० आणि २०च्या मध्ये काही सुचलं तर १५ टाकता येतं. सुचेल याची जागा आधीच सोडून ठेवायची.

एका शेतकऱ्याच्या मुलाला कापसाचा हिशोब करणारा प्रोग्राम हवा होता. भाव विचारायचा, क्विंटल विचारायचे, गुणाकार दाखवायचा. तीन ओळी. भाव त्यानं २३०० धरला. एक क्विंटल, पाच क्विंटल, दहा, सगळं बरोबर. चौदालाही ३२२०० असं बरोबर उत्तर. पंधरा टाकले आणि मशीननं उत्तराऐवजी ‘ओव्ही एरर’ दाखवलं.

“काका, चौदापर्यंत चालते, मंग पंधराले काऊन थांबते?”

मी सांगू शकलो असतो, पण सांगितलं नाही. पुढचा तासभर सगळ्या पोट्ट्यांनी मशीनला गुणाकार घालून घालून तिची हद्द शोधली. कधी वरून आले, कधी खालून. शेवटी ३२७६७ चालतं आणि ३२७६८ चालत नाही यावर एकमत झालं. मग मी सोळा चौकोन आखले आणि प्रत्येकात शून्य किंवा एक, याहून मशीनला काही ठेवता येत नाही हे दाखवलं. पहिला चौकोन अधिक-वजाच्या खुणेसाठी गेला, उरले पंधरा. दुप्पट करत जा: १, २, ४, ८... पंधरावा चौकोन १६३८४ला येतो, आणि सगळ्यांची बेरीज ३२७६७. आकडा जुळल्यावर पोरं ओरडली.

मुलाला मात्र हिशोब हवाच होता. त्यानं घरी जाऊन विचार केला आणि पुढच्या रविवारी तोड आणली: भाव शेकड्यांत टाकायचा. २३ गुणिले १५ म्हणजे ३४५, आणि छापताना त्यापुढे दोन शून्यं अक्षरं म्हणून छापायची. ३४५००. मशीनला कळतही नाही की तिनं तिच्या हद्दीबाहेरचा आकडा दाखवला. कुठल्याही पुस्तकात न बघता त्यानं हे काढलं होतं. मी त्याला दुकानातलं सगळ्यात चांगलं जॉयस्टिक भेट दिलं.

कारंजाकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातून मामाकडे शिकायला आलेली आठवीतली एक मुलगी होती. तिनं गेमच केला. या बेसिकमध्ये मारिओ, पेंग्विन, गाडी अशी चित्रं तयार असतात. तिनं गाडीला बैलबंडी मानलं. वरून इंग्रजी ‘ओ’ अक्षर पडतं ते संत्रं. पडदा अठ्ठावीस रकान्यांचा, त्यातला कुठलाही रकाना मशीननं आपल्या मनानं निवडायचा. कंट्रोलचं बटण दाबलं की ‘स्टिक’ ही सूचना उजवीकडे असेल तर १ देते, डावीकडे असेल तर २. त्यावरून बंडी सरकवायची. पडणारं संत्रं दिसायचं तर आधीच्या जागचं पुसावं लागतं. हे तिच्या लक्षात आलं तोवर पडद्यावर संत्र्यांचे खांबच्या खांब उभे राहिले होते, आणि ते तिला इतके आवडले की पुसण्याआधी तिनं ते थोडा वेळ तसेच ठेवले. दर दहा संत्र्यांनी वेग वाढायचा. मग तिनं ३५ नंबरची एक ओळ मध्ये घातली: सुरुवातीला खेळणाऱ्याचं वय विचारायचं, आणि सहाच्या आत असेल तर वेग वाढवायचाच नाही. घरी लहान भाऊ होता.

गेम बनवणाऱ्या मोठमोठ्या लोकांना हे सुचायला वेळ लागला असेल. तिला सुचलं, कारण खेळणारा तिच्या शेजारी बसलेला होता आणि नियम तिच्या हातात होते.

पुलगावहून सेवाग्राम दूर नाही, आणि अशा वेळी मला नई तालीम आठवते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली, तिच्यात गांधीजींनी मांडलं की मुलाचं शिक्षण हाताच्या कामातून व्हावं, आणि झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्यावरून अभ्यासक्रम केला. टकळीवर सूत काढायचं, तार मोजायचे, ६४० तारांची गुंडी बांधायची, आणि गणित तिथूनच शिकायचं. गांधीजींना यंत्राचा मोह नव्हता हे मला माहीत आहे, आणि मी त्यांच्या नावावर काही खपवत नाही. पण त्या मुलानं कापसाचा हिशोब सोडवताना ३२७६७ हा आकडा ज्या रीतीनं स्वतःचा केला, ती रीत मला त्याच घराण्यातली वाटते. काम खरं होतं, अडचण खरी होती, साधन एवढं लहान होतं की ते पुरतं हातात घेता येत होतं. आजचा मोबाइल त्या डब्याच्या लाखो पट ताकदीचा आहे, पण मुलानं तो उघडला की समोर दुसऱ्यानं केलेल्या वस्तूंची यादी येते. कोऱ्या पडद्यावर तुमची वाट बघत तो थांबत नाही. मुलांपुढून तो कोरा पडदा गेला याचं मला दुःख आहे, आणि तो परत आणता येतो म्हणून मी अजून रविवारी बसतो.

आता मूळ कीबोर्ड फारसे उरले नाहीत. जुन्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकलाय, म्हणजे जुन्या मशीनचं वागणं हुबेहूब करणारा प्रोग्राम. त्यात स्पेक्ट्रम चालतो, सरांच्या मशीनसारखाच. बघण्यासाठी मी काचेचा टीव्हीच जोडलाय, कारण त्यावर रंग एकमेकांत मिसळून येतात तसे नव्या पडद्यावर येत नाहीत.

सध्याचं काम मुलांनीच काढलंय. पडद्यावर वर्धा जिल्ह्याचा नकाशा, एक तालुका लुकलुकेल, नाव ओळखायचं. आठच तालुके, गेम सोपा. पण नावं मराठीत दिसली पाहिजेत, यावर सगळे अडून बसले. टीव्ही गेमच्या बेसिकमध्ये ते शक्यच नव्हतं, तिथली अक्षरं चिपमध्ये कायमची कोरलेली. स्पेक्ट्रममध्ये मात्र अक्षर म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन, आणि तो आपण भरू शकतो. प्रत्येक ओळ शून्य-एकात लिहायची, अशा आठ ओळी. आलेखाच्या वह्या आल्या. पहिला शोध सुखाचा होता: वरच्या ओळीत आठही ठिपके भरले की शिरोरेषा होते, आणि शेजारचे चौकोन एकमेकांना चिकटून असल्यानं शब्दभर ती आपोआप जोडली जाते.

दुसरा शोध अडचणीचा. वेलांटीला वर जागा हवी, उकाराला खाली, मग अक्षराला उरतं काय? पाच ओळींत ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दाखवणं अशक्य. म्हणून अक्षराला एकाखाली एक दोन चौकोन द्यायचं ठरलं. पण स्पेक्ट्रम स्वतःहून असे चौकोन एकवीसच देतो. तेव्हा सरांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत उत्तर सापडलं: २३६०६ आणि २३६०७ या दोन खणांत मशीन आपल्या अक्षरांचा पत्ता ठेवते. तिथले आकडे बदलून पत्ता आपल्या मेमरीकडे वळवला की सगळीच्या सगळी ९६ अक्षरं आपली. ७६८ बाइटचं काम.

तरी ९६ पुरतील का, ही मोजदाद चालू असताना सातवीतल्या एकानं वह्यांची पानं एकमेकांवर ठेवून उजेडाला धरली. प, म, स, ग यांचा खालचा चौकोन जवळजवळ सारखाच दिसतो, उजवीकडचा उभा दंड तेवढा. थोडं इकडेतिकडे केलं तर एकच चौकोन सगळ्यांना चालेल. मारिओच्या ढगाची गोष्ट मी या मुलांना कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली.

देवळी, सेलू, कारंजा, हिंगणघाट झालं. समुद्रपूरच्या ‘द्र’ला आणि आष्टीच्या ‘ष्ट’ला वेगळे चौकोन दिले. वर्ध्याचा रफार कान्याच्या डोक्यावर वरच्या तीन ओळींत बसला आणि छान दिसतो. आर्वी अडलीय. तिथं दीर्घ वेलांटीचं वळण आणि रफार दोन्ही त्याच तीन ओळींत जागा मागतात. एकीचं म्हणणं, वेलांटीचं वळण एका ठिपक्यानं डावीकडे ओढावं. दुसऱ्याचं म्हणणं, त्यानं ती वेलांटी वाटतच नाही, त्यापेक्षा शिरोरेषाच एक ओळ खाली घ्या आणि सगळी अक्षरं पुन्हा काढा. सगळी म्हणजे सगळी. मी दुसऱ्याच्या बाजूनं आहे, आणि आलेखाच्या नव्या वह्या आणून ठेवल्यात.